प्रत्येक पेटी उघडून

राजदूत चहात साखर ढवळत म्हणाले, "विधेयक मागे घ्या, मग माल सोडतो, असं मी म्हणतच नाहीये. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत."

"मग एका दमात का सांगताय?" ताईंनी विचारलं. त्या व्यापारमंत्री होत्या, पण अख्खं खातं त्यांना ताईच म्हणायचं.

विधेयक साधं होतं: पक्षांना परदेशातून मिळणारा पैसा बंद. मतदान उद्यावर आलेलं. आणि नेमक्या याच आठवड्यात देशाच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला, म्हणजे राजदूतांच्या देशाला, इथल्या सफरचंदांत अळ्या सापडल्या होत्या. सगळा माल त्यांच्या बंदरात अडला होता. मागे ताईंनी एक खरमरीत भाषण केलं, तेव्हाही अशाच अळ्या झाल्या होत्या. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे त्या देशाला पक्कं ठाऊक होतं.

ताईंना बसवेना. खिडकीशी जायच्या, परत यायच्या. माल सडला तर बागायतदार देशोधडीला लागणार. विधेयक मागे घेतलं तर पुन्हा कधी मान वर करता येणार नाही.

कोपऱ्यात त्यांचा धाकटा भाऊ बसला होता. बागायतदार संघाचा अध्यक्ष तोच. राजदूतांनीच त्याला आग्रहाने बोलावून घेतलं होतं. त्याची बोटं सोलली होती, नखं तुटली होती. हंगामात हे व्हायचंच.

"तू तरी बोल," ताई म्हणाल्या.

"काय बोलू? अळ्या निघाल्या म्हणतात." तो राजदूतांकडे वळला. "साहेब, आमची माणसं माझं ऐकायची नाहीत. खाली पत्रकार थांबलेत. तेवढं तुमच्या तोंडून सांगाल?"

"आनंदाने," राजदूत म्हणाले आणि लगेच उठले.

ताई भावाच्या मागे निघाल्या. घरभेदी म्हणावं, तर पाठचा भाऊ. जिन्यात त्यांनी त्याचा दंड धरला.

"तू त्यांच्या बाजूने आहेस?"

"त्यांना बोलू दे ना, ताई."

कॅमेऱ्यांसमोर राजदूत फार कळवळून बोलले. त्यांच्या तज्ज्ञांनी एकेक पेटी उघडली होती, सफरचंदं चिरून पाहिली होती. एकही फळ धड निघालं नव्हतं. ताई खाली मान घालून ऐकत राहिल्या. रडू येतंय की राग, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

"प्रत्येक पेटी उघडलीत?" धाकट्याने विचारलं.

"प्रत्येक. माझा शब्द आहे."

धाकट्याने माइक स्वतःकडे ओढला.

"साहेब, यंदा सगळ्याच पेट्यांत आम्ही नदीतले गोटे भरले होते."