शैलजामावशींची शुगर

"आई, शैलजामावशी आल्या की काय म्हणायचं?"

"या, बसा."

"आणि मग?"

सुमित्राबाई लेकीकडे नुसत्याच बघत राहिल्या. मग आठवलं. "गुडघे काय म्हणतात?"

"शाब्बास. आणि त्यांनी तुलाच काही विचारलं तर?"

"कामातून वेळ कुठे मिळतो!"

उपासनाने आईच्या निऱ्या नीट केल्या. तीन वाक्यं. एवढ्या भांडवलावर अमेरिकेतल्या या पार्सिपनीतली कुठलीही भेट तासभर आरामात निभते. शहाणीसुरती माणसं तरी याहून जास्त काय बोलतात? पण दात कसे घासायचे हेसुद्धा आईला रोज नव्याने शिकवावं लागतं, हे बाहेर कुणाला कळता कामा नये.

कारण होतं घर. उपासनाच्या बाबांनी दिवसा ऑफिस आणि संध्याकाळी पेट्रोल पंप असं करून ते घेतलं होतं. त्यांच्या घराण्यात स्वतःच्या नावाची पाटी लागलेलं ते पहिलं दार. बाबा गेले, घर आईच्या नावावर राहिलं. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, की म्हातारं माणूस आजारी आहे हे कळलं की त्याला नर्सिंग होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात, टाकतात, खर्च मेडिकेड ही सरकारी योजना करते, आणि माणूस गेलं की तो सगळा खर्च घर विकून वसूल करते. पोरं रस्त्यावर! उपासनाने ते वाचलं आणि त्या दिवसापासून तोंड शिवून घेतलं.

ऑफिसकडे तिने कायमचं घरून काम मागितलं, आलेली बढती सोडली. पुढच्या दाराला आतून कुलूप, किल्ली हिच्या गळ्यात. दिवेलागणीला आई दार ढकलत म्हणायची, "मला घरी जायचंय गं," आणि ही म्हणायची, "आई, हेच घर आहे." डॉक्टरांनी विचारलं की आई गोड हसून "फाईन, फाईन" म्हणायची, आणि शेजारी बसून उपासनाही मान डोलवायची. मग एखाद्या दिवशी बाथरूमचा नळ मोठा सोडून ती धाय मोकलून रडायची. सांगावं तर घर जाणार, न सांगावं तर जीव जाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

शैलजामावशी मागच्याच रस्त्यावर राहायच्या. रविवारी बुद्धवंदना आटोपली की हजर, आणि नजर घारीची. त्या आल्या की आईला चहा स्वतःच्याच हातचा पाजायचा असे, आणि उपासनाचा जीव टांगणीला लागे. नशिबाने एका रविवारी मावशींनीच जाहीर केलं, "मला बाई शुगर निघाली. आजपासून चहा बंद म्हणजे बंद!" उपासनाला इतकं हायसं वाटलं, की तिचीच तिला लाज वाटली. कुणाच्या दुखण्यावर खूश व्हायचं ते!

अशी तीन वर्षं गेली. मग या हिवाळ्यात आई बाथरूममध्ये घसरली आणि तिचा खुबा मोडला. हॉस्पिटलातून तिला थेट नर्सिंग होममध्ये न्यावं लागलं. तिथला खर्च उपासनाच्या पगारात बसणारा नव्हता. मेडिकेडशिवाय गत्यंतर नव्हतं.

देवदत्त वकिलांकडे ती गेली, ती घर गेलंच असं धरून. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिने सगळं कुणाला तरी सांगितलं.

वकिलांनी शांतपणे ऐकून घेतलं. "अहो, मग रडताय कशाला? दोन वर्षांहून जास्त तुम्ही आईजवळ राहून तिचं सगळं केलंत, म्हणून ती इतके दिवस घरी राहू शकली. अशा मुलीच्या नावावर घर करून देता येतं. कायदाच आहे तसा. मेडिकेड त्याला हात लावत नाही."

उपासनाला खरंच वाटेना. जे पाप समजून लपवलं, तेच पुण्य निघालं! ती रडता रडता हसायला लागली.

"फक्त ते सिद्ध व्हायला हवं," वकील म्हणाले. "डॉक्टरांच्या नोंदींत सगळीकडे 'फाईन' आहे, ते आपल्याला नडणार. घरी नेहमी येणारं बाहेरचं कुणी आहे?"

"शैलजामावशी. नर्सिंग होमने मेडिकेडचा अर्ज भरला, त्यात त्यांचंच नाव दिलंय मी."

"मग अर्ज तपासणाऱ्या काउंटी ऑफिसच्या बाई त्यांना फोन करतीलच. त्यांना म्हणावं, पाहिलं तेवढं खरं सांगा. एकदा दिलेला जबाब मागाहून फिरवला तर कुणी मानत नाही."

उपासनाने गाडी थेट मावशींच्या दारात नेली. वाटभर ती पाठ करत होती, मावशी, मी तुम्हाला फसवलं, मला माफ करा.

मावशींनी दार उघडलं, हातात वाफाळता कप. "जयभीम! ये गं. चहा घे, गोडमिट्ट झालाय."

"मावशी, तुमची शुगर..."

"कसली शुगर नि कसलं काय! सुमित्राताई चहात मीठ घालायला लागल्या. दोन रविवार प्यायले मुकाट्याने, मग काहीतरी सोंग काढायला नको? तू जिवाचं रान करून झाकत होतीस, ते मी कशाला उघडं पाडू?" मावशींचे डोळे भरून आले. "गळ्यातली किल्लीसुद्धा दिसायची गं मला."

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं!" उपासनाने त्यांचे दोन्ही हात धरले. छातीवरचा धोंडा उतरला तिच्या. "मावशी, वाचवलंत मला!"

"मग? त्या ग्रुपवर मी पण आहे म्हटलं! काउंटीच्या बाईचा सकाळीच फोन आला होता, खोदून खोदून विचारत होती. पण मी कसली खमकी! तुझ्या बाबांच्या घरावर आच येऊ देईन होय? ठणकावून सांगितलं तिला, शी वॉज परफेक्टली फाईन, डॉटर हॅड टू डू नथिंग."