गरम बॉनेट

नर्सने गाडीचा रंग पाहिला नाही, टायर पाहिले नाहीत. फाटकातून आत आली ती सरळ शेडमध्ये शिरली आणि बॉनेटवर तळहात टेकवून उभी राहिली.

"काका, गरम आहे."

"छे, कशी असेल? उन्हाने वाटत असेल," कॅशियर म्हणाले. बँक सुटून बरीच वर्षं झाली होती, तरी गल्ली त्यांना कॅशियरच म्हणायची.

"शेडमध्ये कुठलं ऊन?" नर्सने हात पुसला. तापाच्या बाबतीत तिला शिकवायची सोय नव्हती. "मागची गाडी घेतली तेव्हा असंच झालं. विकणाऱ्याने मी यायच्या आधी इंजिन तापवून ठेवलं होतं. माझ्यासमोर पहिल्या चावीत सुरू झाली. नंतर रोज सकाळी ड्यूटीला निघताना शेजारी धक्का मारायचे. माझ्या भावाने बजावलंय, बॉनेट गरम लागलं तर पुढचं काही बघू नकोस, घरी ये."

कॅशियर लाल झाले. जन्मभर लोकांचे पैसे मोजले, कोणी बोट दाखवलं नाही, आणि आता ही पोर त्यांना लबाड ठरवत होती. "अहो, आठवडाभर हात लावलेला नाही मी गाडीला! चावी घरात खुंटीवर आहे."

हे अगदी खरं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं की नजर फार अधू झाली आहे, आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही. कॅशियरांनी ते घरी सांगितलं नाही. बायकोला म्हणाले, चालवायचा कंटाळा आला, विकून टाकू. ती बरं म्हणाली. रात्री मात्र त्यांना झोप लागत नव्हती. लेक गावाबाहेर राहायची, तिकडे बस जात नव्हती. आता नातीला भेटायचं तर कोणाच्या तरी दारात जाऊन 'सोडता का' म्हणायचं, आणि असं म्हणायची त्यांना सवय नव्हती.

"निदान बसून तर बघा," ते चावी आणून म्हणाले. आवाजात आर्जव आलं, ते त्यांचं त्यांनाच आवडलं नाही.

नर्स नाइलाजाने आत बसली. बसली आणि पुन्हा त्यांच्याकडे पाहू लागली. ती जेमतेम पाच फूट असेल, पण पाय नीट ब्रेकवर पोचत होते.

"काका, तुम्ही एवढे उंच. सीट इतकी पुढे घेऊन चालवता? आणि ही उशी?"

कॅशियर वाकले. सोफ्यावरची फुलाफुलांची उशी होती. किती दिवस ते विचारत होते आणि बायको सांगत होती, धुवायला टाकली आहे.

"अगं ए!" ते ओरडले. "बाहेर ये आधी!"

बायको बाहेर आली. सकाळची वेळ असून अंगावर ठेवणीतली साडी. नर्सला बघून ती दचकली. "तुम्ही अकराला येणार होता ना?"

"ड्यूटी लवकर सुटली."

"घ्या. मी त्याआधीच यांना सांगणार होते." तिने पदर खोचला. "अहो, आज परीक्षा होती. पास झाले. लायसन्स मिळालं."

"कसलं लायसन्स?"

"गाडीचं. आणखी कसलं? तुम्ही सकाळी बागेत फेऱ्या मारायला गेलात की शिकवणाऱ्या बाई यायच्या. रिव्हर्स घेताना आज एक खांब थोडक्यात वाचला, पण वाचला."

कॅशियर म्हणाले, "मला सांगायचं नाही?"

"तुम्ही शेजारी बसून शिकवलं असतं. मग एक तर गाडी मोडली असती, नाहीतर संसार."

नर्स गाडीत बसल्या बसल्या हसली.

"पण या वयात हे सुचलं कुठून तुला?"

बायकोने आवाज खाली आणला. "वर्तमानपत्र घेऊन तासभर बसता. पान उलटत नाही. कधीपासून बघतेय मी."

कॅशियरांचा जीव भांड्यात पडला. गाडी राहिली म्हणून, नात राहिली म्हणून, आणि घरात आता काही लपवायचं राहिलं नाही म्हणून. त्यांनी उगाचच दोनदा नाक पुसलं.

"म्हणजे मला काही गाडी मिळत नाही," नर्स उतरत म्हणाली. मग थांबून म्हणाली, "पण तुम्ही खोटं बोलला नाहीत, काका. मला फार बरं वाटलं."

"तुम्हाला स्टँडवर सोडते, चला," बायको म्हणाली. नर्सने कॅशियरांकडे पाहिलं, मग मागच्या सीटवर बसून पट्टा चांगला घट्ट लावला.

कॅशियर सवयीने स्टिअरिंगच्या बाजूला गेले. तिथे बायको उभी होती. ते गाडीला वळसा घालून शेजारच्या सीटवर येऊन बसले. रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी तिला क्लच, गिअर आणि आरसा यांबद्दल सूचना केल्या. तिने एकही ऐकली नाही आणि गाडी छान चालली.

चौकात सिग्नलला ती थांबली. कॅशियरांनी समोर पाहिलं, डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं.

"कुठला लागलाय गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"लाल," ती म्हणाली. "हिरवा झाला की मी नेते. तुम्ही डोळे मिटा जरा."

त्यांनी डोळे मिटले. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला, गाडी निघाली, आणि तरी त्यांनी ते उघडले नाहीत.