न बघता दिलेला पास

“उशीर!” ताई ओरडली. “परत उशीर! पाय आहेत की ओंडके?”

चेंडू मैदानाच्या डाव्या कडेवरून बाहेर गेला आणि कुंपणाच्या फळीवर आपटला. शिडी जागच्या जागी उभी राहिली. उंच म्हणून मुली तिला शिडी म्हणत. आठवडाभर ती हॉकी संघात डाव्या बाजूला खेळत होती आणि आठवडाभर कोचताईंचा ओरडा खात होती. रविवारी सामना होता, आणि डावीकडे खेळू शकेल अशी संघात दुसरी कोणी नव्हती.

शिडी चालत मधे आली, खाली बसली आणि नडगीवरचे शिनगार्ड काढायला लागली.

“ताई, मी उद्यापासून येत नाही.”

“वा! एवढ्यात दमलीस? ऊठ, जागेवर जा. मी स्वतः देते पास. नीट बघ.”

ताईने मधे खेळणाऱ्या मुलीला बाजूला केलं आणि तिची स्टिक घेतली. कंबर हल्ली कुरकुरायची, पण स्टिक हातात आली की अंगात वारं शिरायचं. याच पासाने तिला नाव मिळवून दिलं होतं. मान न वळवता, थेट डावीकडे. लोक खास तो बघायला यायचे. तिकडे तिची जोडीदार खारू असायची, न चुकता असायची. खारू आजारपणात गेली त्यालाही आता वर्षं लोटली होती. तरी चेंडू स्टिकला लागला की डावीकडून ती आपली स्टिक जमिनीवर आपटतेय, असा आवाज ताईला आजही यायचा. अगदी स्पष्ट यायचा. हे ती कोणापाशी बोलत नसे. लोकांनी वेड्यात काढलं असतं.

आताही तो आवाज आला. ताईने मान न वळवता चेंडू मारला.

फळी पुन्हा वाजली.

“अगं, होतीस कुठे?”

“मी इथेच होते, ताई.” शिडी मागे हटली नाही. “तुम्ही मला दिलाच नाही. तिकडे कोणाला दिलात?”

कोणी हसलं नाही. गोलकीपर मुलगी मास्कच्या जाळीआडून बघत राहिली. भीती वाटली की ताईला आधी राग यायचा, तसा तो आला.

“तिथे पोचायचं असतं! मी पोचून दाखवते. तू मार. अगदी मी मारला तसाच.”

ताई शिडीच्या जागी जाऊन उभी राहिली. इतकी वर्षं खेळून या कोपऱ्यातून तिने मैदान कधी पाहिलं नव्हतं. मधली जागा इथून भलतीच लांब वाटत होती.

शिडीने चेंडू मारला. ताई जीव खाऊन पळाली. स्टिक पुढे केली, अंग झोकून दिलं, तरी हातभर अंतर राहिलंच.

“परत मार,” ती म्हणाली.

परतही तेच झालं.

“फार पुढे पडतो हा, ताई,” शिडी चाचरत म्हणाली. “तरुणपणी पोचत असाल तुम्ही.”

“मी नाही गं. दुसरी एक पोचायची.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

“मग त्या दमायच्या नाहीत?”

ताई बोलायला गेली, पण श्वास पुरेना. गुडघ्यांवर हात टेकून ती ओणवी झाली. छातीत धडधडत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

“शिनगार्ड घाल,” ती कसंबसं म्हणाली. “उद्यापासून मधली मुलगी तुझ्याकडे बघून पास देईल.”

शिडी खरंच शिनगार्ड घालायला बसली. ताई मात्र वाकलेलीच राहिली.

त्या काळी गोल झाला की सगळ्या पोरी ताईच्या गळ्यात पडायच्या. त्या गर्दीतून लांब, डाव्या कोपऱ्यात, खारू अशीच वाकलेली दिसायची. ताईला वाटायचं, बुटाची नाडी बांधतेय.