लिलीचा पहारा

धारगळच्या बाबलीने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पॉमेरेनियन कुत्र्यांची दोन भावंडं आणली होती, लिली आणि राजा. लिली पहिल्यांदाच माजावर आली तेव्हा गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं, "एवढ्यात पिल्लं झाली तर हिच्या जिवावर बेतेल. सांभाळा."

बाबलीने घराचा तुरुंग केला. फाटकाला पत्रा ठोकला, कुंपणावर काट्या रचल्या आणि दांडा घेऊन स्वतः सोप्यावर ठाण मांडलं. पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीमागून गावातले कुत्रे येतात, म्हणून पोदेरालाच हाकललं आणि घरादाराचा पाव बंद केला. बंद खोलीत लिलीला एकटं वाटू नये, म्हणून सोबतीला राजा.

बायको शेवंती हळूच म्हणाली, "अहो, त्या राजाक पण वेगळो बांधा."

"खुळी काय गो तू? भाव तो तिचो! आमच्या घरात असली थेरां जावची नाय."

शेवंती भाकरीचं पीठ मळायला बसली, पाव तर बंदच होता.

लिली बाळंतपणात मरता मरता वाचली. राजाच्या डाव्या कानावर जसा तपकिरी डाग होता, तसाच टोपलीतल्या एकूण एक पिल्लाच्या डाव्या कानावर होता. शेवंती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बाबलीने एक पिल्लू उचललं, राजाच्या शेजारी धरलं आणि कौतुकाने मान डोलावली.



"बघ गो शेवंती, सगळी पोरां मामावर गेली!"