भरपूर मासळी

आमच्या लेकीचं, बोर्गहिल्डचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. वायकिंगांच्या वेळची बंदरं बघत फिरणारी एक बाई नॉर्वेतल्या आमच्या बर्गनच्या धक्क्यावर आमच्या होडीपाशी थांबली आणि माझ्या नवऱ्याला हसून म्हणाली, "भरपूर मासळी मिळो हं तुम्हाला!"

माझ्या हातातला डबा खाली पडला. आमच्याकडे दर्यावर निघालेल्याला "जाळं रिकामं येऊ दे" असंच म्हणतात. भलं चिंतलं की दर्या माणूस ठेवून घेतो. माझ्या वडिलांचं असंच कुणीतरी भलं चिंतलं होतं.

"उतर खाली, तोर्लाइव! आज जायचं नाही."

"अगं, पाणी बघ, बशीतल्या दुधासारखं शांत आहे. लोक हसतील मला."

"हसू देत. तू आधी खाली उतर."

पुटपुटत का होईना, तो घरी आला. दाराला कडी घातली तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, घरीच आहेस तर छपराची फुटकी कौलं तरी बदल.



संध्याकाळी बाकीच्या सगळ्या होड्या सुखरूप आल्या. तोर्लाइव दुपारी दोनलाच छपरावरून पडून वारला होता.