माळी

सतरा जानेवारी, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. बुडापेस्टच्या आठव्या वॉर्डातल्या एका जुन्या इमारतीचे तीन जिने चढून कृषिमंत्री कार्सई बार्नाबाश यांनी घंटा वाजवली. सोबत ड्रायव्हर नव्हता.

दार सेंद्रेई अंताल यांनी उघडलं. वय एक्क्याऐंशी, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. बार्नाबाश त्यांचा विद्यार्थी.

"ये. लिफ्ट अजून बंदच आहे. तुमच्याच सरकारची."

"नगरपालिकेची आहे, सर."

"बघ, मंत्री झालास तरी सवय गेली नाही. वर्गातही काच फोडलेली असायची दुसऱ्यानेच."

स्वयंपाकघरातून खसखशीचा वास येत होता. अंताल यांच्या पत्नी एतेल्काबाई भट्टीतून केक काढत होत्या. बार्नाबाश दारातून वाकून म्हणाला, "काकू, आज केक? सरांचा नामदिन, संत अंतालचा दिवस, तर जूनमध्ये असतो ना? तेरा तारखेला मी वाईन घेऊन यायचो."

"थंडी आहे रे. भट्टी लावली की घर उबदार होतं," बाई म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या. दुहेरी तावदानांच्या मधल्या जागेत त्यांची जिरेनियमची रोपं हिवाळा काढत होती. वाळलेली पानं त्या कात्रीने कापू लागल्या.

बार्नाबाशने खिशातून वर्तमानपत्र काढलं. बातमी कालची होती. चौतीस वर्षांपूर्वी, कम्युनिस्ट राजवटीत, या घरात दर गुरुवारी बंदी घातलेली पुस्तकं वाचली जात, आणि त्याची खबर गुप्त पोलिसांना मिळत असे. खबऱ्याचं टोपणनाव होतं ‘माळी’. एका संशोधकाला अभिलेखागारात तीन पानं सापडली होती. त्या गुरुवारच्या मंडळींत फळबागशास्त्र शिकणारा एकच मुलगा होता: बार्नाबाश.

"पंतप्रधानांनी बारापर्यंत मुदत दिलीय, आरोप खोटा ठरव नाहीतर राजीनामा दे," बार्नाबाश म्हणाला. "दहा वाजता पत्रकार तुमच्या दाराशी येतील. तुम्ही दोन शब्द बोललात तर मी वाचतो."

"प्रबंधाच्या वेळी नाही वाटतं आलास?"

प्रबंधातली चाळीस पानं दुसऱ्याच्या पुस्तकातली निघाली होती. विद्यापीठाने पदवी काढून घेतली, खातं राहिलं. पुढे तलावाकाठचा द्राक्षमळा सासूच्या नावावर निघाला. मग खात्याचं हेलिकॉप्टर पुतणीच्या लग्नाला गेलं. प्रत्येक वेळी बार्नाबाश कॅमेऱ्यासमोर उभा राहून एकच वाक्य बोलला होता: मी नव्हतो.

"ते सगळं खरं होतं, सर," तो खाली बघत म्हणाला. "हे नाही."

"लग्नाला मी नव्हतो, हेही तू असंच म्हणाला होतास. तोंडात लग्नाच्या जेवणाचाच घास होता."

"हसा. पण गुप्त पोलिसांनी तुमच्यावर ठेवलेली अख्खी फाइल बारा वर्षांपूर्वी तुम्हाला मिळाली. दुसऱ्या कोणाकडे ती नाही. तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे," अंताल म्हणाले.

"मग सांगा ना त्यांना."

"सांगितलं तर पुढे?"

"पुढे काय? माझी सुटका. तो संशोधक म्हणतो, मी नसेन तर तो बाकीच्यांच्या मागे लागणार. खोदू दे. या घरात येऊन-जाऊन किती माणसं होती? सहा? सात?"

स्वयंपाकघरात कात्रीचा आवाज थांबला.

अंताल यांनी कोट चढवला, बटणं लावली. मग एक बटण चुकलं म्हणून सगळी पुन्हा काढून लावली. "तू जा," ते म्हणाले. "दहाला मी खाली येतो."

बार्नाबाशने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. "विसरणार नाही, सर."

दहा वाजता इमारतीच्या दाराशी सतरा पत्रकार होते. अंताल कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. एका तरुण वार्ताहर बाईने विचारलं, "आजोबा, माळी म्हणजे मंत्री कार्सईच का?"

"हो."

"खात्री आहे?"

"माझ्याकडे फाइल आहे. तो माझा लाडका विद्यार्थी होता. यापेक्षा जास्त मी बोलणार नाही."

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी कार्सई बार्नाबाश यांनी राजीनामा दिला. निवेदन एका ओळीचं होतं: मी नव्हतो. बातम्या देणाऱ्या निवेदकाला ते वाचताना हसू आवरलं नाही. संशोधकाने आपलं काम संपल्याचं जाहीर केलं.

अंताल यांनी रेडिओ बंद केला. एतेल्काबाईंनी केकचा तुकडा त्यांच्यापुढे ठेवला आणि समोर बसल्या. अंताल यांच्या आईच्या गावात हा नामदिन जूनमध्ये नव्हे, सतरा जानेवारीला पाळत. आई गेल्यावर तो या दोघांपुरताच उरला होता. त्या दिवशी ते कोणाला बोलवत नसत, कोणाला सांगतही नसत.

"आणखी एक देऊ?" बाईंनी विचारलं.

"दे."

फाइल कपाटात, हिवाळी चादरींखाली होती. तिच्यातलं एक्केचाळिसावं पान, तारीख सतरा जानेवारी, खाली सही ‘माळी’: "आज त्यांचा नामदिन. दिवसभर कोणीही आलं नाही. खसखशीचा केक होता. त्यांनी दोन तुकडे खाल्ले."