आवाज बंद करा

२२ जून २०१८, शुक्रवार, दुपारचे तीन. कॅनडातल्या हॅमिल्टनमधल्या एका घराच्या बेसमेंटमध्ये माणसे चार होती. त्यांपैकी दोघांना ॲलिस्टर लोपीस माणसांत धरत नव्हते.

ते दोघे म्हणजे घराचा मालक, पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला रोमानियन मिर्चा, आणि त्याचा मुलगा रादु. चौथी निकोल, लोपीसांची एकुलती एक मुलगी. तिला रादुशी लग्न करायचे होते, पण वडिलांच्या होकाराशिवाय नाही. तो होकार दोन वर्षे अडून राहिला होता.

लोपीस मूळचे वसईचे, मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन मिसिसागात स्थिरावलेले. रोमानियन माणसांतली एकही गोष्ट त्यांना सरळ दिसत नसे. ही मंडळी क्रुसाची खूणसुद्धा उलट्या बाजूने करीत. नाव मिर्चा, पण जेवणात मिरची औषधालाही नाही. आणि घरात दिवसभर ते रोमानियन चॅनल.

आताही तेच लागले होते. फुटबॉल, इंग्लंड विरुद्ध रोमानिया.

"वर्ल्ड कप वाटतं?" लोपीसांनी इंग्रजीत विचारले. क्रिकेट सोडून अन्य खेळाची बातमी वाचणे ते कमीपणाचे मानीत.

"वर्ल्ड कपच," मिर्चा म्हणाला.

"मग आवाज बंद करा. ही भाषा माझ्या कानांना सोसत नाही."

मिर्चाने मुकाट्याने आवाज बंद केला.

चित्र चौकोनी होते. दोन्ही बाजूंना काळे पट्टे, रंग विटलेले. कोपऱ्यात एक रोमानियन शब्द सारखा झळकत होता. त्याचा अर्थ विचारण्याइतकी किंमत लोपीसांनी त्याला दिली नाही.

"प्रक्षेपणही धड जमत नाही यांना," ते निकोलला मराठीत म्हणाले. "आणि त्या जर्सी बघ. बापाचा सदरा पोराला घातल्यासारख्या."

"डॅडी, प्लीज. ही कॅन हिअर यू."

"ऐकू दे. कळतंय कुठे?"

मध्यंतरानंतर लगेचच रोमानियाने गोल केला. लोपीस हसले.

"चुकून झाला. हा खेळ जगाला शिकवला इंग्लंडने," ते पुन्हा इंग्रजीत म्हणाले. "हे लोक जिंकले, तर इथूनच आमच्या फादरना फोन करून लग्नाची तारीख घेतो. हरले किंवा बरोबरी झाली, तर हा विषय माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही."

"प्रॉमिस?" निकोलने विचारले.

"लोपीसांचा शब्द आहे."

निकोलने रादुकडे पाहिले. रादु गालिचा न्याहाळू लागला.

"विचार करा," मिर्चा शांतपणे म्हणाला. "जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं."

"हे प्रवचन तुमच्या चर्चमध्ये द्या."

एकोणऐंशीव्या मिनिटाला इंग्लंडने बरोबरी साधली. लोपीसांनी टाळी वाजवली आणि ते बूट शोधू लागले.

"चल निकोल. ट्रॅफिक लागायच्या आत निघू."

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला मिर्चा उठला. त्याने प्लमच्या दारूची बाटली आणली आणि चार पेले काठोकाठ भरले.

"दुःख बुडवायला का?" लोपीसांनी विचारले.

मिर्चाने एक पेला त्यांच्यापुढे सरकवला.

नव्वदाव्या मिनिटाला रोमानियाने दुसरा गोल केला.

लोपीसांचा चेहरा आंबला. पण ते शब्दाचे पक्के. एका पायात बूट, एका पायात मोजा अशा अवस्थेत त्यांनी फादरना फोन लावला आणि पंधरा सप्टेंबर ही तारीख घेतली. निकोल त्यांच्या गळ्यात पडली. त्यांनी पेला उचलला.

"नशिबाने जिंकलात. पुढच्या सामन्यात कळेल तुमची लायकी."

"कळेल," मिर्चा म्हणाला आणि त्याने टीव्ही बंद केला.

कोपऱ्यातल्या त्या शब्दाचा अर्थ : पुनःप्रक्षेपण. २०१८च्या वर्ल्ड कपमध्ये रोमानियाने खेळलेले सामने : शून्य.